देवाखालची पाटी

तुमच्या देवघरात जेवढं पितळ आहे, तेवढं सगळं देवाचंच आहे, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल का?

लगेच रागावू नका. मी देवधर्माची टिंगल करायला बसलेली नाही. ती मी इतर दिवशी करते. आज मला एका गृहस्थांबद्दल सांगायचंय. नाव सेतुमाधव राव, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम चेन्नईतलं तिरुवल्लिकेणी. रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त. जुनी इंजिनं ओळखायची आणि ती कुठल्या सालची ते सांगायचं, हे त्यांचं काम. धंदा म्हणत नाही, कारण धंद्यात समोरचा काहीतरी देतो. हा त्यांना जडलेला रोग आहे.

इंजिन म्हणजे रुळावरचं नव्हे. हे जागेवर बसून काम करणारं. वीज गल्लीबोळांत पोचायच्या आधी विहिरीवर, भाताच्या गिरणीत, छापखान्यात असलं एखादं पेट्रोलचं धूड असायचं. एक सिलिंडर, दोन्ही अंगांना दोन जड चाकं, डोक्यावर पाण्याचा उघडा हौद. पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं. ते एकदा फट् करायचं, मग चार-पाच फेरे नुसते सुस्कारे टाकत काढायचं, वेग उतरला की पुन्हा फट्. थोडक्यात सरकारी कचेरी. फरक एवढाच, की हे पाणी वर चढवायचं.

रावांची मराठी तंजावरची. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि भाषा तिथंच बसकण मारून राहिली. मी इचलकरंजीची. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आले. राव पहिल्यांदा बोलले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जुनी बखर वाचतंय आणि मधेमधे तमिळ वाढतंय. त्यांनाही माझ्याबद्दल मत होतंच.

"तुझ्या मराठीस हिंदीचा वास येतो, मा," ते म्हणाले. "पण समजते. चालेल."

तर हे चालवून घेणारे राव. ('मा' म्हणजे तमिळमधलं 'बाई'.) त्यांचं काम कसं चालतं ते मी पहिल्यांदा नुंगंबाक्कममधल्या एका हॉटेलात पाहिलं. हॉटेलवाल्यांनी दारातच एक इंजिन मांडलं होतं. हिरवा रंग, सोनेरी पट्टे, खाली निळे दिवे, नवरदेवच. त्यांचा मॅनेजर कौशिक, मूळचा पुण्याचा, माझ्या ओळखीचा. त्याला शेजारी लावायला एक कागद हवा होता, 'हे इंजिन १९१४ सालचं आहे' असा. मी रावांना घेऊन गेले.

रावांनी पिशवीतून एक कळकट पाना काढला. जुन्या विलायती आट्यांचा तो पाना, आजच्या नटाला बसतच नाही. तो एका नटाला लावला, चपखल बसला. दुसऱ्याला बसला. मग जमिनीवर सरळ आडवे झाले, धोतरासकट, आणि इंजिनाच्या बुडाखाली हात घालून नखानं रंग खरवडला. रंगारी तिथपर्यंत कधीच पोचत नाही, त्यामुळे मूळ रंग तिथंच सापडतो. ठिणगी पाडणारं यंत्र बघितलं. जुन्या इंजिनांत सिलिंडरच्या आत दोन टोकं एकमेकांवर आपटून ठिणगी पडायची, पुढे स्पार्क प्लग आला. झडप बघितली, चाकाचे आरे बघितले, सुतळी लावून पिस्टनचं माप घेतलं. हॉटेलातली मंडळी कॉफीचे कप हातात धरून हा तमाशा बघत उभी. पाऊण तास गेला. इंजिनावर ठसठशीत पितळी पाटी होती, पण राव तिच्याकडे ढुंकूनही बघेनात.

कौशिकला राहवेना. "काका, पाटीवर साल लिहिलंय ना. १९१४."

"पाटी शेवटी वाचणें," राव आडव्यानंच बोलले. "लोखंड ओतावें लागते. पाटीस काय, चार स्क्रू. चार स्क्रू काढण्यास किती वेळ?"

मग उठले, चष्मा पुसला, पाटी वाचली आणि तिच्यावरच्या एजंटाच्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"हें काय लिहिलं अहे?"

"अण्णा सालै, मद्रास."

"चौदा साली अण्णा पाच वर्षांचं पोर होता. त्याच्या नावचा रस्ता कोण् केला? तो स्वतः?"

कौशिकचा चेहरा बघण्यासारखा झाला. अण्णा म्हणजे इथले पुढे झालेले मुख्यमंत्री, सालै म्हणजे रस्ता. तो रस्ता तेव्हा माउंट रोड होता, हे चेन्नईतला रिक्षावालाही सांगेल. पण पाटी ओतणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. रावांनी खिशातून कॅलेंडरचं एक पान काढलं. इथे घरोघरी रोजचं पान फाडायचं कॅलेंडर असतं, आणि राव त्या दिवशीचं पान सोबत ठेवतात. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निकाल लिहायचा; पुढे तारीख आपोआप आलेली असते. त्यांनी लिहिलं: 'इंजिन खरें. १९३४ ते ३८. पाटी खोटी. वय एक महिना.'

तो कागद हॉटेलवाल्यांनी अर्थातच लावला नाही. मला मात्र माणूस आवडला.

आता आमच्या गल्लीकडे या. तिरुवल्लिकेणीत मॅन्शन म्हणतात त्या इमारती बघितल्यात का? एका खोलीत चार अविवाहित, दोरीवर चाळीस बनियनी, खाली मेस. अशा दोन मॅन्शनच्या मधे आमचं पंपशेड आहे. कुणा भल्या व्यापाऱ्यानं धर्मादाय बांधलेलं: एक विहीर, तिच्यावर कौलारू शेड, आत ते इंजिन, बाहेर भिंतीत तीन नळ. पाणी आता विजेच्या मोटरीवर चढतं आणि इंजिन कोपऱ्यात गंजत बसलंय. पण नळ चालू आहेत. २०१९ साली अख्खं शहर टँकरमागे घागरी घेऊन धावत होतं तेव्हा आमची गल्ली या तीन नळांवर जगली. फुलं विकणारी तुळसी पहाटे तिथंच आपल्या टोपल्यांवर पाणी मारते. मॅन्शनमधली पोरं तिथंच तोंड धुतात आणि मग टाय लावून इंजिनिअर होतात.

मागच्या वर्षी नोटीस आली. शेड पाडून तिथे स्कूटरी लावायची सोय करायची. कुठल्या खात्याची नोटीस ते सांगत नाही, माझा अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

कायदा मी कॉलेजात शिकलेली नाही. कॉलेज मी बघितलं ते मोर्चा घेऊन आत गेले तेव्हाच. पण माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहून लिहून मला एवढं कळतं, की जुनी वास्तू ठरली तर पाडता येत नाही. आणि जुनी ठरवायला साल लागतं, पुराव्यासकट. शेडचे कागद कुणाकडेच नव्हते. मी आत शिरले, जाळी झटकली, आणि इंजिनावर पाटी दिसली. तिच्यावर आकडा, १९११.

मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दहा फुटी फ्लेक्स. 'एकशे चौदा वर्षांचं इंजिन वाचवा.' दोन वर्तमानपत्रांत फोटो. सुनावणीची तारीख पदरात पाडून घेतली आणि मग रावांकडे गेले. त्यांचं घर शेडपासून चौथं. म्हटलं, आता फक्त कॅलेंडरचं एक पान.

राव येईनात. आज गुडघा, उद्या एकादशी, परवा चष्मा. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की हा माणूस पन्नास मैल बसनं जाऊन शेतातलं इंजिन बघून येतो, पण रोज या शेडवरून जाताना मान दुसरीकडे फिरवतो. मला वाटलं, गल्लीतल्या इंजिनाला कमी लेखतो. मी त्यांच्या जिन्यात उभं राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "राव, हॉटेलात लोळता, आमच्या नळाला मात्र तुमचा गुडघा दुखतो?"

पाच मिनिटांत खाली आले.

शेडमध्ये गेल्यावर त्यांनी पाना काढला नाही. आडवे झाले नाहीत. थेट पाटीसमोर जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "पाटी आधी?"

"ही पाटी मज ठाऊक अहे."

"मग लिहा की. १९११."

"तें पेटंटचें साल, मा. हा जिन्नस कोणी शोधला त्याचें साल. बनवला केव्हां तें नव्हे. मूर्ख लोक तें वाचून फ्लेक्स छापतात."

मी गिळलं. पुढचं ऐकायला थांबावं लागलं म्हणून गिळलं, एरवी गिळत नाही.

त्यांनी पाटीच्या कडेला अंगठा लावला. रंगाच्या थराखाली दोन बुजवलेली भोकं होती. "मूळ पाटी लांबट गोल होती. तिचीं भोकं हीं, उरलेलीं दोन या पाटीखालीं. ही चौकोनी पाटी दुसऱ्या इंजिनाची. वाच, पाच हॉर्सपॉवर. हें इंजिन तीनचें. ही पाटी येथें कोणी लावली पुसशील, तर मी लावलों."

मग जे सांगितलं ते असं. साल १९७४. राव तेवीस वर्षांचे, वर्कशॉपात नवे. वीज गेली की शेडचं इंजिन चालवायचं काम त्यांच्याकडे. पाटीची एक कड फाटून लोंबत होती, म्हणून दुरुस्तीला काढून घरी नेली, चिंचेनं घासली आणि खिडकीत वाळत ठेवली. खाली भाड्यानं राहायला गिरिधर मोडक नावाचे गृहस्थ होते, महाराष्ट्रातून बदलीवर आलेले, केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात. दर रविवारी राव त्यांच्याकडे जेवायला. मोडकांची आई मुलाकडे राहायला आली होती, सोबत आपले देव घेऊन. बाळकृष्णाखाली ठेवायला तिला पितळेचं आसन हवं होतं. खिडकीत बघते तर काय, वीतभर लांबीचं, लंबगोल, सोन्यासारखं.

"ती बोलली, हें एवढं पितळ नुसतं पडलं अहे होय रे?" राव म्हणाले. "पन्नास पोळ्या खाल्ला होतों मी तिच्या हातच्या. काय बोलणें? घ्या म्हणालों."

"राव, इंजिनाची पाटी देवाखाली?"

"मागची बाजू गुळगुळीत असते. अक्षरें खाली, देव वर. कोणास कळते?"

पुढच्या आठवड्यात शेडची तपासणी निघाली. विनापाटीचं इंजिन दिसलं तर काम जाईल. राव पुदुपेटच्या भंगारबाजारात गेले, मोडीत निघालेल्या एका इंजिनावरची पाटी उचलली आणि चार स्क्रू मारून इथे बसवली. तपासनीस आला, पाटी बघितली, खूष होऊन गेला. दोन वर्षांनी मोडकांची बदली झाली. आई गेली, देव गेले, देवाखालचं इंजिनाचं नाव-गाव-नंबर गेलं.

तर चार स्क्रू काढायला किती वेळ लागतो, हे राव जगाला पन्नास वर्षं का विचारत फिरले ते मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. लपवत नाही, सांगितलंच. "सुनावणीत तुम्ही गप्प बसा. मी १९११ म्हणते. ती माणसं इंजिन आणि शिवणयंत्र यांतला फरक ओळखत नाहीत."

"आणि मी?"

"तुम्ही कॉफी प्या."

"मी दुसऱ्यांच्या खोट्या पाट्या काढलों," ते शांतपणे म्हणाले. "ही एक राहू देऊं?"

"तुमच्या खरेपणाचं पाणी तुळसीच्या टोपलीवर मारू का मी?"

आमचं चांगलंच वाजलं. तुळसी फुलं ओवायची थांबली, मॅन्शनमधली पोरं गॅलरीत आली. शेवटी रावांनी हात झटकले. मला वाटलं, जिंकले. मग ते तिथंच शेडच्या जमिनीवर आडवे झाले आणि खिशातून पाना काढला.

दोन तास. नट विलायती आट्यांचे, सगळे. बुडाखाली मूळचा राखाडी रंग. ठिणगीला मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग, म्हणजे फार जुनं नव्हे. पण पाण्याचा हौद उघडा, म्हणजे फार नवंही नव्हे. इंजिनाचा नंबर पाटीखेरीज शाफ्टच्या टोकावरही ठोकलेला असतो. तिथे मात्र पुली बसवताना कुणीतरी हातोडी चालवून तो चेचला होता. आणि सगळ्यात खाली, ज्या चुन्याच्या ओट्यावर इंजिन बसलंय, त्या ओट्यावर, शेणामातीच्या थराखाली, ओल्या चुन्यात बोटानं कोरलेलं एक नाव. तमिळ अक्षरं. 'प्रजोत्पत्ति'.

आपल्या पंचांगातले साठ संवत्सर माहीत आहेत ना, प्रभव, विभव वगैरे? इकडेही तेच. प्रजोत्पत्ति म्हणजे आपला प्रजापती. १९३१.

"इंजिनाचे बोल्ट या चुन्यांत पुरले अहेत," राव उठून बसत म्हणाले. "चुना, बोल्ट, इंजिन एका दिवशीचें. शेड त्याच वर्षीचें. तुझ्या फ्लेक्सहून वीस वर्षें लहान, पण खरें." आणि कॅलेंडरचं पान माझ्या हातात दिलं: 'इंजिन खरें. १९३१. पाटी खोटी. लावणारा खाली सही करणारा.' खाली सही.

१९३१ चालत होतं. स्वातंत्र्याआधीचं असलं की पुरे होतं. मी त्या म्हाताऱ्याशी भांडले ते वीस वर्षांच्या हावरटपणासाठी. हे मी इथे एकदाच लिहिते आहे, पुन्हा विचारू नका.

सुनावणीला टेबलामागे तिघे. मधे जननी नावाच्या बाई, तरुण, हुशार, घड्याळाकडे न बघणाऱ्या. राव उभे राहिले आणि तमिळमध्ये सगळं सांगितलं: पाटी, पोळ्या, पुदुपेट, चुना. सही केलेलं पान पुढे ठेवलं. मी डोळे मिटून घेतले.

डावीकडचे साहेब म्हणाले, "ही वर्षाची नावं तर साठ-साठ वर्षांनी परत येतात. १९९१ सुद्धा प्रजोत्पत्तिच."

"एक्याण्णव साली रॉकेलचें इंजिन चुन्यांत कोण् पुरेल, सार?" राव म्हणाले. "चुना मळणारे तोवर मेले होते."

खोलीत हसू पिकलं. पण त्या साहेबांना हसलेलं आवडलं नाही. ते म्हणाले, "पाटी तुम्ही बदललीत, हे तुम्हीच सांगताय. मग इंजिनसुद्धा बदललं नसेल कशावरून? ओटा तुमच्यासमोर ओतला नव्हता."

पन्नास वर्षं ज्या प्रश्नानं त्यांनी दुसऱ्यांना गप्प केलं, तोच प्रश्न आता त्यांच्यापुढे मांडलेला.

जननीबाईंनी पान दोन्ही बाजूंनी वाचलं. मग विचारलं, "मूळ पाटीवर नंबर होता?"

"होता, मा."

"आठवतो?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, सांगा, काहीही चार आकडे सांगा. या माणसाला १९८२ साली तिरुवल्लूरच्या शेतात बघितलेल्या इंजिनाचा नंबर पाठ आहे.

"सात, दोन," राव म्हणाले. "पुढचे आठवत नाहींत. चुकीचें सांगणार नाहीं."

इंजिन बनवणाऱ्या कंपनीची जुनी वही विलायतेत जपून ठेवलेली आहे. नंबर कळवला की कुठलं इंजिन कुठल्या साली कुठल्या बंदराला पाठवलं ते उत्तर येतं. जननीबाईंनी निर्णय दिला: पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आत नंबर आणा, वहीशी जुळला तर शेड राहील. नाही जुळला, तर नोटीस लागू.

बाहेर आल्यावर मी तरातरा पुढे चालायला लागले. राव म्हणाले, "राग अहे?"

"आहे."

"बरें. मजही अहे, माझ्यावर. कॉफी पाज."

त्या दिवसापासून मी मोडक शोधतेय. आधी अकरा मोडकांना फोन केले. दोघांनी मधेच ठेवला, एकानं विमा विकायला घेतला, आणि एका बाईंनी मला सुनावलं की आमच्याकडे सगळे देव संगमरवरी आहेत, पितळ घासायला आम्हांला वेळ नाही. बारावा लागला तो नागपूरचा पुष्कर मोडक. गिरिधररावांचा मुलगा. वडील गेले २००९ साली. पुष्करला आजीचे देव आठवत होते, बाळकृष्णही. आसन? "हो, काहीतरी लंबगोल होतं खरं. एका बाजूनं फाटलेलं. आजी सांगायची, मद्रासच्या एका मुलानं दिलंय, फार गुणी मुलगा." घर विकलं तेव्हा देव नात्यात वाटले. सातारा, धुळे, अकोला, कुणीतरी डोंबिवली. बाळकृष्ण कुणाकडे गेला आणि आसन कुणाकडे, याची नोंद कुणी केली नाही. देवांचं वाटप करताना खालच्या पितळेचं कोण लिहून ठेवतं?

हे मी रावांना सांगितलं. 'फार गुणी मुलगा' हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "पाटी परत नको म्हणावें. देव बसला अहे तर बसो. नंबर तेवढा सांगा म्हणावें."

हल्ली ते रोज सकाळी शेडमध्ये जातात. चौकोनी पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. चार स्क्रू, दीड मिनिट, मी घड्याळ लावून बघितलं. आता इंजिनाच्या अंगावर नुसती भोकं आहेत. राव चाकांना तेल देतात, तुळसीला शिव्या देतात की टोपल्या इंजिनाला टेकवू नको, आणि ती त्यांच्या डोक्यावरून पाणी उडवून फुलांवर मारते.

म्हणून सुरुवातीला तुम्हांला ते विचारलं. मोडक तुमचे आजोळचे असोत, सासरचे असोत, की तुमच्या आत्यानं कुणाकडून तरी जुने देव आणलेले असोत. उद्या पूजेला बसाल तेव्हा बाळकृष्णाला दोन मिनिटं बाजूला ठेवा. तो काही म्हणणार नाही, आयुष्यभर लोण्यासाठी दुसऱ्यांच्या घरात शिरलेला देव आहे. त्याच्याखालचं पितळ उचला, उलटं करा. वीतभर लांब, लंबगोल, चार भोकं, त्यातलं एक कडेपर्यंत फाटलेलं, आणि इंग्रजी अक्षरांच्या मधे सात-दोननं सुरू होणारा नंबर दिसला, तर तो कागदावर जसाच्या तसा उतरवून घ्या आणि पोंगलच्या आत आम्हांला कळवा. पाटी ठेवा तुमच्याकडेच, अक्षरं खाली, देव वर. आम्हांला फक्त नंबर द्या.